कारणे आणि कर्ता

दिवेलागणीच्या सुमारास, नेरुळच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, जेथून खाडीचे पाणी आणि पैलतीरी ट्रॉम्बेची टेकडी दिसते, माझी नववीतली नात इतिहासाचा गृहपाठ लिहून उठली आणि वही माझ्यापुढे ठेवून गेली. घरातले कोणतेही लिखाण तपासून देण्याचे काम माझ्याकडे वहिवाटीने आलेले आहे. कारण उभी नोकरी मी एका सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात घालविली. प्रश्न नेहमीचाच होता : पहिल्या महायुद्धाची कारणे स्पष्ट करा. खाली सुबक अक्षरात पाच मुद्दे होते. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, शस्त्रास्त्रस्पर्धा, गुप्त तह व परस्परविरोधी गट, आणि अखेरीस, लाल शाईने अधोरेखित केलेले, तात्कालिक कारण म्हणून साराजेव्हो येथील २८ जून १९१४ चा खून. शुद्धलेखनाची एकही चूक सापडेना. “आजोबा, पाच गुणांना पाच मुद्दे,” ती आतूनच म्हणाली, “सहावा लिहिला तरी बाई अर्धासुद्धा वाढवून देत नाहीत.”

हिशेब चोख होता, आणि तरीही वही मिटवेना. ते पान दुसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आले की, त्या साऱ्या उत्तरात हातून काही करणारा असा मनुष्य एकच आहे, आणि तो म्हणजे हा खून करणारा, गाव्ह्रिलो प्रिन्सिप नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. बाकी सर्वत्र स्पर्धा ‘वाढीस लागली’ होती, तह ‘झाले’ होते, तणाव ‘निर्माण झाला’ होता आणि युद्ध ‘पेटले’ होते. त्या खुनानंतर बरोबर एक महिन्याने, २८ जुलै रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. त्या महिन्याभरात व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन येथील कचेऱ्यांतून किती खलिते लिहिले गेले, किती जणांनी सह्या केल्या आणि सही न करण्याची मुभा त्यांपैकी किती जणांना होती, याचा त्या पानावर मागमूस नव्हता. ज्याच्या हातात पिस्तूल होते तो कर्ता ठरला. ज्यांच्या हातात लेखणी होती ते सारे ‘कारणां’मध्ये विरघळून गेले.

हा दोष मुलीचा नाही, आणि तिच्या बाईंचाही नाही. तो आपल्या सर्वांच्या विचार करण्याच्या सवयीत मुरलेला आहे. व्याकरणाची पुस्तके सांगतात की, ‘रावण मारला गेला’ अशा घडणीचा जो प्रयोग, ज्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, तो इंग्रजीच्या वळणाने मराठीत रुळला. त्या घडणीचा मोठा गुण असा की, तीत रामाचे नाव न घेताही वाक्य पुरे होते. साम्राज्याने आपल्याला रेल्वे दिली, टपाल दिले, हे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. कर्ता गाळून वाक्य पुरे करण्याची ही सोयही त्याच गाडीने आली, हे सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही.

पाच या संख्येवरून मला गीतेचा अठरावा अध्याय आठवला. तेथेही, कोणतेही कर्म घडण्याची कारणे पाचच सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे व्यापार, आणि दैव. ही यादी गृहपाठाच्या यादीशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. बाजारपेठा, वसाहती, भूप्रदेश हे अधिष्ठान झाले. आरमारे, तोफा आणि तह ही करणे झाली. लष्करांची हालचाल ही चेष्टा. आणि ‘इतिहासाचा रेटा’ म्हणून जे काही आपण म्हणतो ते दैवाचेच नवे, विलायती पोशाखातले नाव. चार रकाने भरले. जो दुसरा रकाना गीताकाराने मुद्दाम वेगळा काढून ठेवला, तो कर्त्याचा, आणि तोच तेवढा आपल्या पाठ्यपुस्तकी उत्तरात रिकामा राहतो. शिवाय गीतेने दैवाला नाकारले नाही, पण त्याला पाचव्या जागी बसविले. आपण मात्र, मग ते दैव आजीच्या कपाळावरच्या रेषेतले असो की समाजशास्त्राच्या ग्रंथातले असो, त्याला उचलून पहिल्या पाटावर बसवितो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो.

कोणी म्हणेल की, ही पळवाट गीतेतच आहे. निमित्तमात्र हो, असे श्रीकृष्णच अर्जुनाला सांगत नाहीत काय? आक्षेप खोटा नाही, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगाही नाही. जगातल्या प्रत्येक साम्राज्याला आपल्या शिपायाने स्वतःला निमित्तमात्र समजावे असेच वाटत आले आहे. परंतु आक्षेप घेणारा एक गोष्ट विसरतो. अर्जुनाने रणांगणाच्या मध्यभागी धनुष्य खाली ठेवले, शंका काढल्या, त्याच त्या शंका पुन्हा काढल्या, सारथ्याला खोलात नेले, आणि हे सारे झाल्यावर त्याला जे सांगण्यात आले त्याचा अर्थ एवढाच की, सर्व बाजूंनी विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. अर्जुनाला अठरा अध्याय मिळाले; पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला लढायला निघालेल्या आपल्या शेतकऱ्याला अंगठा उठविण्यापुरता वेळ मिळाला. माझ्या समजुतीप्रमाणे कर्तेपणाचे खरे माप हेच आहे : ‘का?’ असे विचारण्याची आणि उत्तर न पटल्यास थांबण्याची मोकळीक ज्याला जितकी, तितका तो कर्ता. आणि जितका कर्ता, तितकाच जबाबदार.

हे माप घेऊन पाहू लागले म्हणजे दूरची वाटणारी ही युद्धे अगदी घराजवळ येतात. पुढच्या धड्यात नातीने लिहून ठेवलेच होते की, १९३९ साली ‘भारत दुसऱ्या महायुद्धात ओढला गेला’. ओढला कोणी? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कायदेमंडळाला किंवा लोकांच्या पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. येथे कर्ता आहे, त्याला नाव आहे, हुद्दा आहे, तारीख आहे. इतकेच नव्हे, तर विचारण्याची मोकळीक ज्याला सर्वांत अधिक होती त्यानेच कोणाला विचारले नाही, हेही तेथे स्पष्ट आहे.

आमच्या गच्चीवरून जी टेकडी दिसते तिच्या पलीकडे मुंबईच्या गोद्या आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते, आणि त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये, सोन्याच्या विटा आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. कापसाला आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली आणि आग विझविण्यास धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यांत गेले, ज्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. ‘आग लागली’ आणि ‘स्फोट झाला’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण कापूस आणि दारूगोळा एका जहाजात चढविण्यास संमती देणारा कोणी होता, आणि दारूगोळ्याच्या जहाजावर लावावयाचे तांबडे निशाण त्या दिवशी लावण्यात आले नव्हते, ही वाक्येही तितकीच खरी आहेत. आग लागण्याला कर्ता नसेल. ती लागेल अशी मांडणी करण्याला कर्ता असतो. साम्राज्यवाद हे युद्धाचे कारण आहे असे आपण म्हणतो, त्याचाही उलगडा मला याच जहाजात होतो : साम्राज्यवाद म्हणजे ठिणगी नव्हे, ती एक मांडणी आहे, आणि ती वर्षानुवर्षे, पगार घेऊन, माणसांनी रचलेली असते.

आता शिपायाकडे वळू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे बाहेर गेली. मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी जी सेना शरण गेली, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते आणि तीत मराठा पलटणी होत्या. आमच्या कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत ज्यांची मुळे सातारा जिल्ह्यात आहेत अशी पुष्कळ घरे आहेत. त्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि त्या गावाच्या नावापुढे लोक आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लावतात. ‘कामी आले’ हा आपला शब्दप्रयोग किती सहज तोंडात येतो, आणि किती भयंकर आहे! मनुष्य मेला, म्हणजे तो कामास आला. कोणाच्या कामास, हे विचारण्याची त्या क्रियापदात सोयच ठेवलेली नाही.

गणपतीला पनवेलहून कोकणात उतरणारा प्रत्येक जण माणगाववरून जातो. त्याच तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सर्व साथीदार ठार किंवा जखमी झाले असता एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. बाँब टाकला, गोळी झाडली, मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, ठाणे घेतले आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वयाने ते बाविशीत होते. युद्ध व्हाइसरॉयने जाहीर केलेले, पलटण साम्राज्याची, डोंगर परक्यांचा; तरी त्या मिनिटापुरते त्या तरुणाला केवळ ‘करण’ म्हणजे हत्यार म्हणणे हा त्याचा अपमान होईल. साम्राज्याने त्याला साधन म्हणून उचलले खरे, पण त्या चढणीवर जो धावला तो साधन नव्हता.

मधल्या जागी, म्हणजे ज्यांना ‘का?’ विचारण्याची मोकळीक होती आणि जे सत्तेवर नव्हते, अशा माणसांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली, युद्ध चालू असतानाच, प्रसिद्ध झाले आणि त्यात कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्याच टिळकांनी सैन्यभरतीस नकार दिला नाही, परंतु हिंदी लोकांना अधिकारपदे द्या, ही मागणी तिच्याबरोबर जोडली. तीच गीता १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी सांगितली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली, त्या विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धाला साह्य करणेच नाकारले. आणि गीतेचा आधार न मागता डॉ. आंबेडकरांनी हेरले की, ज्या समाजाला भरतीचा दरवाजा बंद केला होता त्याच्यासाठी युद्ध हीच तो उघडण्याची वेळ आहे. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावास उभी राहिली. तिघांची उत्तरे तीन दिशांची. पण अट घालणे, नकार देणे आणि हक्क मागणे, या तिन्हींत एक गोष्ट समान आहे : ‘ओढले जाणे’ तिघांनीही पत्करले नाही.

येथवर आलो, आणि मग नाइलाजाने माझ्या स्वतःच्या वहीकडे आलो. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती, आणि तिच्यासह ठाणे, पनवेल व उरण भागातल्या ९५ गावांची जमीन, नव्या शहरासाठी घेण्यात आली, ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. साम्राज्य १९४७ साली गेले. त्याचा हा कायदा २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत आपल्या दप्तरी राहिला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी उठलेल्या उरणच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्यू पावले. ‘झाला’ आणि ‘पावले’! हे वाक्य मी आत्ता लिहिले, आणि माझ्या लेखणीतून ते असेच उतरले. चाळीस वर्षे मी ‘संपादित करण्यात येत आहे’, ‘हरकती निकाली काढण्यात आल्या’, ‘कबजा घेण्यात आला’ अशी वाक्ये घासूनपुसून लिहिली, त्यांतल्या वेलांट्या तपासल्या, आणि त्यांत कर्ता नाही हे व्यंग म्हणून कधी दिसले नाही. उलट, तेच उत्तम मसुद्याचे लक्षण असे नव्या कारकुनांना शिकविले. मला विचारण्याची मोकळीक होती. फार नव्हती, पण त्या शेतकऱ्यापेक्षा अधिक होती. तेवढ्या अंशाने कर्त्याच्या रकान्यात माझेही नाव आहे.

म्हणून मी नातीला हाक मारली आणि म्हटले, “पुढच्या धड्यातलं एकच वाक्य बदल. ‘भारत युद्धात ओढला गेला’ असं न लिहिता ‘व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारताला युद्धात ओढले’ असं लिही.” तिने खोडरबर घेतला, लिहिले, आणि वाचून पाहिले. मला समाधान वाटले. शंभर वर्षांचा एक मसुदा दुरुस्त केल्यासारखे वाटले. तिला मात्र वाटले नसावे, कारण माणगावच्या घाडग्यांची गोष्ट मी तिला प्रवासात अनेकदा सांगितलेली आहे.

“पण आजोबा,” ती म्हणाली, “मग माणगावचे ते घाडगे? ते गेले की त्यांना नेलं?”

मी चष्मा काढून पुसला. ‘गेले’ म्हटले तर लिनलिथगो सुटतात. ‘नेले’ म्हटले तर यशवंत घाडगे पुसले जातात. एका ओळीत मावेल असा तिसरा प्रयोग मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सापडला नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, त्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि पुढच्या प्रश्नासाठी जागा सोडून वही दप्तरात भरली.