कृतनाश, अकृताभ्यागम आणि एक संकेतस्थळ

समजा, जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या मोंढ्यात एका शेतकऱ्याने सोयाबीन घातले. माप झाले, भाव ठरला आणि आडतीवरच्या मुलाने संकेतस्थळावर नोंद केली: नाव, गाव, क्विंटल, दर, देणे रक्कम. पडद्यावर ‘नोंद झाली’ असे उमटले. त्यानंतर दोनच सेकंदांत ती नोंद घेणारा प्रोग्राम संपला. काही बिघडले होते असे नव्हे. नवी आवृत्ती चढवायची होती, म्हणून जुनीला बंद करण्यात आले. त्या जागी दुसरा प्रोग्राम उभा राहिला. पहिल्याने काय घेतले, कुणाचे घेतले, याची या दुसऱ्याला स्वतःची अशी काहीच आठवण नाही.

करणारा उरला नाही, मग केलेल्याचे काय झाले?

हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. भारतीय दर्शनांनी तो शतकानुशतके घासून घासून तपासला आहे. डेटाबेस असलेले संकेतस्थळ कंटेनरांच्या यंत्रणेवर चढवणाऱ्या माणसाला तोच प्रश्न रोज कामात भेटतो, फक्त वेगळ्या शब्दांत.

आधी ही यंत्रणा समजून घ्यायला हवी. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधून ठेवायचे आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती चालवायच्या, ही कंटेनरची रीत २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने सर्वदूर नेली. प्रती वाढल्या की त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी तरी लागते. गूगलने आपल्या ‘बोर्ग’ या अंतर्गत यंत्रणेच्या अनुभवावर कुबरनेटिस बांधले, जून २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कुबरनेटिसला काय करायचे ते सांगत नाहीत, कसे असायला हवे ते लिहून देतात: या प्रोग्रामच्या तीन प्रती, ही आवृत्ती, एवढी मेमरी. प्रत्यक्षात काय आहे ते यंत्रणा त्या लिखिताशी सतत पडताळत राहते आणि फरक दिसला की तो मिटवते. चालत्या घटकाला पॉड म्हणतात. पॉड बंद करायचा ठरला की त्याला आधी सूचना जाते, वेगळे काही सांगितले नसेल तर आवरायला ३० सेकंद मिळतात, आणि मग तो सक्तीने संपवला जातो. संपलेला पॉड पुन्हा उठत नाही. त्याच्या जागी येतो तो नवा, नव्या ओळखीचा. जुन्याने आपल्या आत जे लिहून ठेवले होते ते त्याच्यासोबत गेले.

बौद्ध क्षणिकवादाची मांडणी याच्या फार जवळ जाते. सत् म्हणून जे काही आहे ते क्षणभर असते; पुढच्या क्षणी त्याच्यासारखे दुसरे असते. आपण ज्याला ‘तोच’ म्हणतो तो एक प्रवाह असतो. मिलिंदपञ्होमध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारतो की यात रथ कोणता, आणि राजाला कबूल करावे लागते की भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. हा राजा म्हणजे इंडो-ग्रीक मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला.

विरोधकांनी या मांडणीवर बोट ठेवले ते नेमके हिशेबाच्या जागी. कर्म करणारा पहिल्या क्षणाचा आणि फळ भोगणारा नंतरच्या क्षणाचा, असे असेल तर दोन दोष येतात. ज्याने केले त्याला फळ मिळत नाही, हा कृतनाश. ज्याने केलेच नाही त्याच्या पदरी फळ पडते, हा अकृताभ्यागम. बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी ‘अन्ययोगव्यवच्छेदद्वात्रिंशिका’ या छोट्या स्तोत्रात बौद्धांवर पाच दोष ठेवले. त्यांत हे दोन आहेत आणि पाचवा आहे स्मृतिभंग. एकाने पाहिले ते दुसऱ्याला कसे आठवेल, हा आक्षेप नैयायिकांनीही लावून धरला होता.

डेटाबेस सांभाळणाऱ्याला ज्या दोन गोष्टींची धास्ती असते त्या अगदी याच आहेत. शेतकऱ्याने माल घातला आणि नोंद हरवली: कृतनाश. किंवा नोंद पक्की झाली, पण ‘झाली’ हे उत्तर पडद्यावर पोचण्याआधीच पॉड संपला. आडतीवरच्या मुलाने बटण पुन्हा दाबले, आणि एकाच मालाच्या दोन नोंदी पडल्या. कुणाच्या तरी खात्यावर न केलेला व्यवहार चढला: अकृताभ्यागम. पहिला दोष टाळायला पोस्टग्रेस हा डेटाबेस बदल मुख्य फायलींत उतरवण्याआधी तो एका रोजनाम्यात लिहितो, आणि रोजनामा डिस्कवर पक्का झाल्याशिवाय नेहमीच्या मांडणीत होकार देत नाही. वीज गेली तरी पुन्हा सुरू होताना रोजनामा वाचून राहिलेले पूर्ण करता येते. दुसऱ्या दोषावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देणे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस नोंद नाकारतो. दोन्ही उपायांत हिशेब करणाऱ्याच्या आयुष्यावर सोडलेला नाही.

इथे अनेकांना एक सोपे समीकरण सुचते: पॉड म्हणजे देह, डेटाबेस म्हणजे आत्मा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला वस्त्रांचा दृष्टान्त कीर्तनांतून ऐकलेल्या माणसाला तर ते लगेच पटते. पण ते चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे पाहण्यासारखे आहे. अद्वैतात आत्मा निर्विकार आहे. त्यात काही जमा होत नाही, त्यातून काही वजा होत नाही. डेटाबेस मात्र सगळ्या संकेतस्थळात सर्वांत जास्त बदलणारा भाग आहे. बदल टिपणे हेच त्याचे काम. त्याची जागा शोधायची तर सांख्यांच्या लिंगशरीरात शोधावी लागते: स्थूल देह पडल्यावरही संस्कार घेऊन पुढच्या देहाला जोडले जाणारे सूक्ष्म शरीर. परतूरच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आहे. १६०८ मध्ये तिथे जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशा चार देहांचे निरूपण केले आहे, आणि आत्मा या चारींहून वेगळा मानला आहे. बौद्ध योगाचारांनीही कर्माची बीजे साठवणारे आलयविज्ञान मानले, मात्र तेही क्षणोक्षणी बदलणारे. एकमेकांशी कडाडून भांडणाऱ्या या परंपरांचे एवढ्यावर एकमत आहे की कर्माचा साठा हे काही अंतिम सत्य नव्हे. सर्व्हरच्या खोलीत आत्मा शोधू नये. तिथे शोधायचे ते कर्म.

कुबरनेटिसमध्ये या साठ्याची सोय वेगळी करावी लागते. टिकणारी जागा म्हणजे पर्सिस्टंट व्हॉल्यूम. पॉडने तिच्यावर हक्क सांगायचा असतो, आणि पॉड गेला तरी ती राहते. डेटाबेससाठी स्टेटफुलसेट नावाची रचना आहे. तिच्यात पॉडला ठरलेले नाव मिळते, शून्य क्रमांकाचा, एक क्रमांकाचा असे. तो पडला तर त्याच नावाचा पॉड येतो आणि त्याच व्हॉल्यूमला जोडला जातो. ही रचना पक्की व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला, १.० आवृत्तीनंतर दोन वर्षांहून अधिक काळ. त्या आधी भर होता तो एकाच्या जागी कोणताही दुसरा चालेल अशा प्रतींवर. अभियंते अशा प्रतींना गुरांची उपमा देत: निनावी, एक गेले तर दुसरे आणावे. पोळ्याला खांदेमळणी करून प्रत्येक बैलाला नावाने हाक मारणाऱ्या मराठवाड्यात ही उपमा कुणाला पटणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थच्या राममंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा आसपासची गावे हळहळली. पुढे पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. तशाच मूर्ती घडवून घेणे अशक्य नव्हते. पण पिढ्यांच्या पूजेने जिला ओळख मिळाली तिच्या जागी दुसरी चालत नाही. डेटाबेसचा व्हॉल्यूम तसा असतो.

करणारे बदलले तरी नोंद टिकावी लागते, हे परतूरला कळायला संगणकाची गरज नाही. गाव तेच, पण त्याच्यावरचे राज्य आणि जिल्हा किती वेळा बदलले! सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, मग भारतातले हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि तोवर परभणीत असलेला परतूर तालुका त्यात आला. कचेऱ्या, शिक्के, भाषा, लेखनिक सगळे बदलले. तरी जमिनीच्या नोंदी पुढे आल्या: निजामकाळच्या उर्दू आणि मोडीतल्या, पन्नाशीतल्या खासरा पत्रकातल्या, आजच्या डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्यातल्या. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मराठवाड्यातली जुनी दप्तरे पुन्हा उघडली. कुठल्या तरी लेखनिकाने लिहिलेला एक शब्द त्याच्या पणतवंडांच्या पिढीच्या दाखल्याला आधार ठरू लागला, आणि ज्यांच्या घराण्याचे पान सापडले नाही त्यांना हरवलेल्या पानाची किंमत कळली.

करणारा गेल्यावर मागे उरणाऱ्या या शिल्लकेला मीमांसकांनी नाव दिले आहे. यज्ञ आज संपतो, स्वर्ग नंतर मिळतो. मधल्या काळात यज्ञाचे जे शिल्लक राहते ते अपूर्व. मीमांसकांच्या मते ते आपसूक फळ देते, वर ईश्वर लागत नाही. नैयायिकांना हे मान्य नव्हते. कर्माच्या अशा शिल्लकेला ते अदृष्ट म्हणतात. ते अचेतन आहे, आणि अचेतनाला योग्य फळ योग्य माणसापर्यंत नेता येत नाही. त्यावर जाणता अधिष्ठाता हवा. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी दिलेल्या युक्तिवादांत हाही आहे.

कुबरनेटिस मीमांसकांच्या बाजूने उभे आहे असे प्रथम वाटते. लिहून दिले की झाले, पुढे सगळे आपोआप. पण समजा, चुकीच्या मांडणीमुळे डेटाबेसचा पॉड जुन्या व्हॉल्यूमऐवजी कोऱ्या जागेला जोडला गेला. पोस्टग्रेसचा प्रचलित कंटेनर जागा रिकामी दिसली की नवा, रिकामा डेटाबेस तयार करतो. संकेतस्थळ उघडते, तपासणीची उत्तरे ठीक येतात, तीन प्रती मागितल्या होत्या त्या तीनही चालू आहेत. यंत्रणेच्या दृष्टीने कुठेही फरक नाही. परतूरच्या त्या शेतकऱ्याचे सोयाबीन मात्र कुणी घातलेच नाही असे झाले आहे. यंत्रणा देह जपते. कोणाचे कोणाला देणे आहे हे तिला कळत नाही. या वादात निदान सर्व्हरपुरते नैयायिक बरोबर आहेत.

आणि अधिष्ठाता माणूस असेल तर तो चुकतोही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसच्या फायली पुसल्या. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि ऐनवेळी एकही भरवशाची निघाली नाही. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्पांना आणि ७०० नव्या खात्यांना त्याची झळ बसली. कंपनीने हे सारे उघडपणे जाहीर केले, याचे मोल मोठे आहे. तिथे बॅकअप घेण्याचे काम यंत्रावर सोपवले होते. तो परत उतरतो का हे पाहणे नियमाने कुणाकडे सोपवलेलेच नव्हते.

आता तालुक्याच्या गावांतली मुलेही पुण्यात-बंगळुरूत शिकून अशी संकेतस्थळे उभी करतात, आणि त्यांवर गावाकडच्या लोकांचे माप, पैसे, दाखले नोंदले जातात. त्यांना विनंती एवढीच. मागणीनुसार तयार होणाऱ्या व्हॉल्यूमसाठी कुबरनेटिसचे मूळ धोरण, हक्क काढून घेतला की जागाही पुसून टाकण्याचे आहे. लोकांच्या नोंदी असतील तिथे ते पहिल्याच दिवशी बदलून राखून ठेवण्याचे करावे. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा आणि दर महिन्याला कोऱ्या सर्व्हरवर तो उतरवून, नोंदी मोजून पाहावा. त्या मोजणीखाली कुणा एकाने आपल्या नावाने सही करावी.