होडीचे मोल

शिडाची एखादी होडी आपल्या मालकीची असावी, हे वेड मला जोशुआ स्लोकमने लावले. 1892 मध्ये अमेरिकेतल्या फेअरहेवन गावी एका जुन्या कप्तानाने, शेतात टेकू देऊन ठेवलेली मोडकी 'स्प्रे' त्याला फुकट दिली. 13 महिने राबून, सामानावर 553 डॉलर 62 सेंट घालून त्याने ती नवी केली आणि 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मला फुकट कोण देणार? आणि बेळगावात समुद्र तरी कुठला!

30 वर्षांनी पणजीजवळ एका अंगणात फायबरची होडी दिसली, मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरसकट. मालक वारले होते. बाईंनी सांगितलेल्या किमतीत नुसता ट्रेलरही आला नसता. माझी ऐपत मात्र तेवढीच. मी लगेच विसार दिला.

रात्री झोप येईना. कांटने 1785 च्या ग्रंथात एक दुकानदार रंगवला आहे. तो लहान मुलालाही जास्त भाव लावत नाही, पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून. वर्गात हे शिकवताना त्या दुकानदाराला मी पुष्कळदा हसलो आहे. गिऱ्हाइकाने विकणाऱ्याचे अज्ञान दूर करावे, असा बाजाराचा नियम नाही. तरी सकाळी मी बाईंना खरे ते सांगून टाकले.

"ठाऊक आहे मला, मास्तर," त्या म्हणाल्या. "ह्यांची होडी अशी पावसात पडलेली बघवत नाही. पाण्यावर न्याल ना?"

मी मान हलवली. विसाराची पावती तेव्हा माझ्या खिशात होती.