आवडीचा खाऊ आणि खाऊची आवड



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७ वा, श्लोक ७ ते १०.

सतराव्या अध्यायात अर्जुन श्रद्धेबद्दल विचारतो. शास्त्राचा विधी माहीत नाही, पण मनापासून भजतात, अशा लोकांची निष्ठा कुठल्या प्रकारची समजायची? भगवंत म्हणतात की माणूस श्रद्धेचाच बनलेला असतो, जशी श्रद्धा तसा तो. मग ही श्रद्धा ओळखायची कशी? त्यासाठी ते चार जागा दाखवतात: आहार, यज्ञ, तप आणि दान. क्रम बघा. यज्ञाच्या, तपाच्या आणि दानाच्याही आधी ताट आलं!

आता या श्लोकांतली एक गोष्ट पटकन नजरेतून सुटते. आपण म्हणतो, 'गीतेत सात्त्विक पदार्थ सांगितलेत.' पण चारही श्लोक वाचून बघा, त्यांत एकाही भाजीचं, धान्याचं किंवा फळाचं नाव नाही. कांदा-लसणावरून आपण जो वाद घालतो, तो कांदाही तिथे नाही आणि लसूणही नाही. भगवंत बोलतात ते आवडीबद्दल. सात्त्विक माणसाला काय प्रिय असतं, राजस माणसाला काय हवंसं वाटतं, तामस माणसाला काय आवडतं, असं ते सांगतात. तीनही ठिकाणी मुद्दा आवडीचाच आहे.

म्हणून आज हे श्लोक जरा वेगळ्या जागी नेऊन वाचूया, संध्याकाळी चार वाजता शाळेतून किंवा पाळणाघरातून घरी आलेल्या लेकराजवळ. दप्तर टाकलं, बूट भिरकावले आणि पहिला प्रश्न: 'खाऊ काय आहे?' आपल्यापैकी काही जण आईबाबा आहेत, काही मावशी, काका, आत्या, मामा आहेत. त्या क्षणी आपण हातात जे ठेवतो, त्यातून उद्याची आवड घडत असते.

सात्त्विक म्हणजे काय, मुलांच्या भाषेत

सात्त्विक आहार काय वाढवतो, हे भगवंत सांगतात: आयुष्य, मनाचं बळ, शरीराची ताकद, आरोग्य, सुख आणि शेवटी प्रीती. मग त्याचे गुण येतात: रसाळ, स्निग्ध, शरीरात टिकून राहणारा आणि मनाला भावणारा. म्हणजे 'पौष्टिक आहे ना, मग गपचूप खा' हे सात्त्विकाच्या व्याख्येतच बसत नाही. चव हवी, ओलावा हवा, मनाला आनंद हवा. कोरडं, बेचव आणि धाकाने भरवलेलं अन्न कितीही पौष्टिक असलं, तरी त्यात प्रीती वाढत नाही.

याच श्लोकावर ज्ञानोबा माउलींनी सुंदर दृष्टांत दिलाय. असं अन्न दिसायला लहान पण परिणामाने थोर असतं, गुरूच्या तोंडून आलेल्या अक्षरांसारखं. थोडंच खाल्लं तरी तृप्ती मोठी. खाऊसाठी याहून चांगली परीक्षा कुठली? गूळ-शेंगदाण्याचा एक छोटा लाडू घ्या. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास पाव हिस्सा प्रथिनं असतात. नाचणीचं घ्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. वाटीभर नाचणीचं सत्त्व, मुगाचं छोटं धिरडं, दही-पोहे, उकडलेलं रताळं, केळं. आकार लहान, पण रात्रीच्या जेवणापर्यंत पोट शांत.

राजस आहाराच्या वर्णनात अति हा शब्द महत्त्वाचा. अति आंबट, अति खारट, अति तिखट, आणि शेवटी दुःख नि रोग देणारं. मीठ-तिखट वाईट नाही, त्याचा अतिरेक वाईट. कुरकुरीत पाकिटाचं गणित याच्या उलट असतं: पाकीट मोठं, तृप्ती लहान. एक संपलं की दुसरं हवं. जिभेला त्या खारटपणाची सवय झाली की घरचा उपमा फिका लागायला लागतो. २०२० सालच्या केंद्रीय नियमानुसार जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण ५० मीटरच्या पुढे घर सुरू होतं, आणि तिथला नियम आपणच करायचा असतो.

एक काळजी मात्र घ्या. हे शब्द लेकरावर फेकू नका. 'तुला तामसी खायचीच सवय!' असं चार वर्षांच्या मुलाला म्हणण्यात सत्त्व कुठलं? हे श्लोक आरसा म्हणून दिलेत, आधी स्वतः बघायला.

आवड घडते कशी?

आवड जन्मजात ठरून येते असं वाटतं, पण बरीचशी घडवलेली असते. गोडाची ओढ बाळ घेऊनच येतं. बाकीची गोडी लागते ती सहवासाने, नामाची लागते तशीच. पहिल्या दिवशी माळ घेऊन बसलं की मन पळतं. म्हणून आपण माळ फेकून देत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. मुलांच्या आहाराचा अभ्यास करणारेही हेच सांगतात: नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. आपण मात्र दोनदा नकार आला की 'आमच्या बाळाला भोपळा आवडत नाही' असं जाहीर करून मोकळे! वाढायचं चमचाभरच. खाल्लं तर छान, नाही तर चार दिवसांनी पुन्हा. चेहरा शांत. यालाच अभ्यास म्हणतात.

दुसरी गोष्ट लाचेची. 'भाजी संपव, मग चॉकलेट देईन.' या वाक्यात मुलाला काय ऐकू येतं? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे फळ. ज्याची आवड कमी करायची, तेच आपण सिंहासनावर बसवतो. फळाकडे डोळा ठेवून कर्म करू नकोस, असं सांगणारा ग्रंथ आपण रोज वाचतो. निदान ताटापुरतं तरी ते आठवूया.

तिसरी गोष्ट मापाची. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. आहार युक्त हवा. लहान मुलाला हे माप आतून कळतं. पोट भरलं की ते मान फिरवतं. आपणच मोबाईल समोर धरून, त्याचं लक्ष नसताना अजून चार घास सारतो. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी एक सोपी वाटणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपलं कर्तव्य आपण केलं, पुढचं सोडून दिलं. ओळखीचं वाटतंय ना?

आपल्या चिऊ-काऊच्या घासात भरवणाऱ्याचं आणि खाणाऱ्याचं, दोघांचंही लक्ष घासावर असायचं. मोबाईलने पहिल्यांदा हेच लक्ष चोरलं.

खाऊ आणि देव

आपल्या परंपरेने मुलांचा खाऊ देवाशी किती हळुवार जोडलाय बघा. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते, लेकरांच्या रक्षणासाठी. तिथे प्रसाद काय? फुटाणे आणि गूळ. संक्रांतीनंतर बोरन्हाण होतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओततात आणि बाकीची पोरं ते वेचायला झडप घालतात. त्या ऋतूचा सगळा मेवा! आता त्यात चॉकलेटं आणि गोळ्याच जास्त दिसतात. पुढच्या संक्रांतीला आपल्या घरचं बोरन्हाण असेल तर बोरं आणि ऊस परत आणूया. (अगदी लहान मुलांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. पाच वर्षांच्या आतल्यांना कूट करून द्या.)

आणि भागवताच्या दहाव्या स्कंधातलं ते यमुनेकाठचं जेवण आठवा. बाळकृष्ण मधे बसलाय, गोपाळ त्याच्याभोवती गोल करून. कुणाची पानावर शिदोरी, कुणाची फुलावर, कुणाची दगडावर. प्रत्येक जण आपल्या घरच्या खाऊची चव दुसऱ्याला दाखवतोय, हसतोय, हसवतोय. देवाच्या हातात दहीभाताचा घास आहे. यज्ञाचा भोक्ता म्हणवणारा परमात्मा इथे मित्रांचे डबे चाखतोय! त्या खाऊला रस कशाने आला? साधं अन्न, मोकळी जागा आणि सोबत. गोपाळकाला हा त्याचाच प्रसाद. आपलं मूल जेवताना एकटं पडद्यासमोर असेल, तर दही-पोहे देऊनही त्या काल्यातलं काहीतरी राहून जातंच.

आता कुणी म्हणेल, 'हे सगळं ठीक आहे, पण दोघंही नोकरीला, सात वाजता घरी पोचतो.' खरं आहे. म्हणून रोज नवा पदार्थ करायचा अट्टहास नको. रविवारी लाडू वळून ठेवा, फुटाण्यांचा डबा भरा, फळं मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवा. पाळणाघरातल्या मावशींना प्रेमाने सांगा. एखाद्या दिवशी बिस्किटाचा पुडा उघडला, तरी घर बुडत नाही. वाढदिवसाचा केक आनंदाने खाऊ द्या. आवड रोजच्या सवयीने घडते, एखाद्या दिवसाने ती बिघडत नाही.

आजचा संकल्प

आज चारचा किंवा सातचा, जो जमेल तो एक खाऊ मुलासोबत बसून खा. आधी त्यातला चिमूटभर देवापुढे मुलाच्या हातूनच ठेवा. हात जोडा. मग दोघांनी खा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिला घास कुणाला द्यायचा, हे मुलाला ठरवू द्या. देवापुढे ठेवायचं म्हटलं की आपण काय आणतो, याचा विचार आपोआप होतो. आणि ज्याने द्यायला शिकून खाल्लं, त्याच्या खाण्याला हावरेपणा सहसा चिकटत नाही.

माणूस श्रद्धेचा बनलेला आहे, असं भगवंत म्हणाले. लहानपणी ही श्रद्धा पुस्तकातून येत नाही. ती कुणाच्या तरी हातातून, घासाघासाने येते. तो हात आज आपला आहे.

उद्या १७ व्या अध्यायातच पुढे, यज्ञाच्या तीन प्रकारांवर बोलूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥