तोंडचा शब्द

दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणे हे आपण पाप समजतो. पण दुसऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेतला, तर त्याला मात्र मदत म्हणतो. मी वाचा-उपचाराचे काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोजच माझ्या वाट्याला येतो.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. अर्धांगवायूच्या झटक्याने मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली आणि त्यांची वाचा गेली. याला वाचाघात म्हणतात. यात माणसाची समज जातेच असे नव्हे. सांगायचे काय ते त्याला ठाऊक असते, पण शब्द हाती लागत नाही. गुरुजी एक ते दहा घडाघडा म्हणत. पण ‘मुले किती?’ असे विचारले, की ‘तीन’ हा शब्द काही केल्या सापडेना.

एकदा ते ‘पा... पा...’ करून अडले. “पाणी हवं ना?” मी चटकन म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पेलाभर पाणी प्यायले. जाताना त्यांनी कपाटावरच्या पाटीकडे बोट दाखवले, तेव्हा माझ्या ध्यानात आले. तहान त्यांना नव्हतीच. ते पाणी केवळ माझा मान राखण्यासाठी प्यायले होते!

१८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा रोगी तपासला. त्याला बहुतेक सारे कळे, पण तोंडून ‘तां’ एवढेच निघे. तिथली माणसे त्याला ‘तां’ म्हणूनच ओळखत. बिचाऱ्याचे उणे तेच त्याचे नाव झाले!

मग नुसते गप्प बसून राहावे काय? तेही खरे नव्हे. फराळाला जमलेली दहा माणसे तोंडाकडे टक लावून पाहत असली, म्हणजे ती शांतता परीक्षेहून वाईट. बुडणाऱ्याला ‘स्वतःच पोहा’ म्हणणे हा काही आदर नव्हे.

मला सापडलेली वाट अगदी साधी आहे. शब्द देण्याआधी विचारावे, ‘सुचवू का?’ परवानगी घेऊन दिलेला शब्द हा आधार. न विचारता दिलेला, तो कितीही प्रेमाने दिलेला असो, हिसकावणेच.

गुरुजींना आता एक शब्द पक्का येतो. मी घाई केली, की ते हात वर करून म्हणतात, “थांबा.”

आणि मी थांबते.