साहस आणि सांगात

शब्दांचे अर्थ पालटतात तेव्हां त्यांबरोबर समाजाची नीतिहि थोडीबहुत पालटलेली असते. 'साहस' हा शब्द याचें चांगलें उदाहरण होय. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं, म्हणजे खटल्यांचीं, जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत साहस हें एक पद आहे; बळाच्या जोरावर केलेली दांडगाई असा त्याचा तेथें अर्थ. आज तोच शब्द आपण मुलांची पाठ थोपटतांना वापरतों. निंदेचा शब्द स्तुतीचा झाला; परंतु ज्या वस्तूची पूर्वीं निंदा होत असे ती वस्तुच जगांतून नाहींशी झाली, कीं केवळ तिचें नांव हरवलें, हा प्रश्न उरतोच.

हा विचार सुचण्यास हल्लीं आपल्या शहरांतून वाढत चाललेला एक छंद कारण झाला आहे. रविवारीं पहाटे पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किंवा साताऱ्यावरच्या यवतेश्वराच्या घाटांत, दिवे लावलेल्या सायकलस्वारांच्या तुकड्या चढ चढतांना दिसतात. त्यांत विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, पन्नाशी उलटलेले गृहस्थ असतात, आणि स्त्रियाहि असतात. कांहींजण आल्या सडकेनेंच परततात; कांहींजण रुंद टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन मुरुमाच्या व दगडधोंड्यांच्या वाटेनें खालीं उतरतात. घरीं मात्र या छंदावरून थोडी कुरबुर होत असते. "एवढा जीव धोक्यांत घालण्याची गरज काय?" असें आईवडील विचारतात, आणि "जीव माझाच आहे ना?" असें मुलगा उत्तर देतो. या उत्तरांत उद्धटपणा असेल. पण तें पोकळ नाहीं. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

या उत्तराच्या पाठीशीं एक मोठा तत्त्वज्ञ उभा आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, दुसऱ्यास होणारी इजा टाळणें एवढ्याच कारणासाठीं समाजानें प्रौढ मनुष्याच्या वर्तनांत हात घालावा. त्याचें स्वतःचें हित हें त्यास पुरेसें कारण नव्हे. याच ग्रंथांत त्यानें मोडकळीस आलेल्या पुलाचा दाखला दिला आहे. पूल धोक्याचा आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, आणि ज्यास सावध करण्यास वेळ नाहीं, अशा मनुष्यास धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नसते. परंतु संकट निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्यास त्याची जाणीव द्यावी, बळानें अडवूं नये. मिलचें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मात्र त्यांत एक अट गृहीत आहे ती विसरतां कामा नये: धोका पत्करणाऱ्यास तो धोका कळलेला असला पाहिजे. न कळलेला धोका कोणी पत्करीत नाहीं. तो त्यांत नुसता सांपडतो.

डोंगरी सायकलीच्या शिक्षणाचें महत्त्व आम्हांस येथेंच दिसतें. हा खेळ फार जुना नाहीं. कॅलिफोर्नियांत सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरांत १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली वर नेऊन उतारावरून खालीं सोडूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या वाटेवर त्यांनीं शर्यत लावली. सुमारें २ मैलांत १३०० फूट खालीं येणारी ती वाट. उतरतांना मागच्या चाकाच्या ब्रेकमधलें वंगण जळून त्याचा धूर होई, आणि पुन्हां उतरण्यापूर्वीं तें नव्यानें भरावें लागे. त्यावरूनच त्या शर्यतीस 'रीपॅक' हें नांव पडलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९६ सालीं, अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळालें. वंगण जाळणाऱ्या एका मौजेचें या अवधींत शास्त्र बनलें.

तें शास्त्र काय सांगतें? उतारावर सीटवरून किंचित् उठावें. दोन्ही पेडलें सारख्या पातळीवर ठेवावीं. कोपरे व गुडघे ताठ न ठेवतां सैल सोडावे. वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वीं, वळणांत नव्हे. ब्रेक एकदम न आवळतां क्रमाक्रमानें दाबावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नजर पुढच्या चाकापाशीं न ठेवतां जेथें जावयाचें तेथें लांब टाकावी; जो स्वार भीतीनें दगडाकडेच पाहत राहतो तो बहुधा दगडावरच जाऊन आदळतो. लहान टेकडीवर शंभर वेळां उतरल्यावांचून मोठ्या कड्याच्या वाटेस जाऊं नये, हाहि त्याच शास्त्राचा नियम. ॲरिस्टॉटलनें धैर्य हा भ्याडपणा व अविचार यांमधला मध्यम मार्ग मानिला, आणि सद्गुण हे अभ्यासानें अंगीं बाणतात असेंहि सांगितलें. उतारावरचा हा अभ्यास म्हणजे त्या दोन्ही वचनांचा प्रत्यक्ष पाठच आहे. शिकलेल्या स्वारास धोका दिसतो, मापतां येतो, आणि नको असल्यास सायकलीवरून उतरून पायीं चालतां येतें. उतरून चालण्याची लाज ज्यास वाटत नाहीं, त्यासच आम्ही धैर्यवान् म्हणूं.

येथपर्यंत मुलाचें म्हणणें टिकतें. ज्यानें अभ्यास केला आहे, ज्यास धोका कळतो, तो एकटाच निर्जन डोंगरावर गेला, तर त्यास आईनें विनवावें, पण अडवूं नये. परंतु हे स्वार बहुधा एकटे जात नाहींत. ते सोबतीनें जातात. आणि सांगात जोडला कीं प्रश्नाचें स्वरूपच बदलतें.

सडकेवर तुकडीनें जातांना एकामागें एक जवळजवळ चालण्याची पद्धत आहे. पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे श्रम वांचतात; वेग चांगला असल्यास ही बचत चतुर्थांशाहूनहि अधिक असूं शकते. आतां थोडें गणित करूं. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें सायकल सेकंदास १० मीटर जाते. पुढच्या चाकामागें १ मीटर अंतर राखून चालणाऱ्यास, पुढचें चाक अकस्मात् थांबल्यास, सेकंदाचा दहावा भाग मिळतो. आणि एवढ्या वेळांत मनुष्याचा हात ब्रेकवर आवळलाहि जात नाहीं. शिवाय पुढच्याच्या पाठीमुळें मागच्यास रस्ता दिसत नाहीं. याचा अर्थ असा कीं, मागचा स्वार आपल्या डोळ्यांनीं चालतच नाहीं. त्यानें पुढच्याचे डोळे उसने घेतलेले असतात. म्हणूनच खड्डा आला कीं पुढचा हात खालीं करून दाखवितो, खडी पसरलेली असली कीं ओरडून सांगतो, थांबावयाचें असल्यास आधीं खूण करितो. आणि प्रत्येकजण ती खूण आपल्या मागच्याकडे पोंचवितो. मध्येंच एकानें ती गिळली, तर त्याचें स्वतःचें कांहीं बिघडत नाहीं. शेवटचा मात्र पडतो. या खुणा म्हणजे खेळांतला शिष्टाचार नव्हे. तें न बोलतां दिलेलें वचन आहे. "जीव माझाच आहे" हें म्हणण्याचा अधिकार पुढच्या स्वारानें, मागें कोणी लागला त्याच क्षणीं, गमावलेला असतो.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि आमच्या मतें खरी नैतिक अडचण तेथेंच आहे. तुकडींत एखादा नवशिका असतो. चढावर तो मागें पडतो. इतर पुढें थांबलेले असतात. तो धापा टाकीत येऊन पोंचतो न पोंचतो तोंच, विश्रांति घेऊन ताजे झालेले सोबती निघतात. पुढें उतार येतो. सर्व सोडतात तसा तोहि सायकल सोडतो. त्यास कोणीं आज्ञा केलेली नसते. विचारल्यास "मी आपखुषीनेंच आलों" असें तोच सांगेल. पण ही आपखुषी कितपत खरी? थकलेलें शरीर, पाठीमागें राहण्याची लाज आणि "आपल्यामुळें सर्वांचा खोळंबा होतो" ही टोंचणी, या तिघांनीं मिळून दिलेली ती संमति असते. कायद्याच्या भाषेंत ती सक्ति नव्हे. परंतु नीतीच्या भाषेंत तिला निर्भेळ स्वातंत्र्यहि म्हणतां येत नाहीं. मिलच्या पुलावरचा मनुष्य अज्ञानानें पूल ओलांडीत होता. हा लाजेनें ओलांडतो.

मग कर्तव्य कोणाचें? कोणी म्हणेल, नवशिक्यानें आपला वकूब ओळखावा. खरें आहे, पण वकूब ओळखणें हेंच तर त्यास अजून यावयाचें असतें. ज्यास अधिक दिसतें त्यानें अधिक सांभाळावें, हाच नियम येथें लागू पडतो. मराठ्यांच्या लष्करांत बिनी आणि चंदावल अशा दोन जागा असत. बिनी म्हणजे आघाडी. तिचा मान मोठा. चंदावल म्हणजे पिछाडी. पण माघारीच्या वेळीं सर्व सैन्याचा जीव चंदावलावर अवलंबून असे. सायकलस्वारांच्या चांगल्या तुकड्यांतहि एक जाणता स्वार मुद्दाम सर्वांच्या मागें राहतो, आणि त्याच्या पुढें जो असेल त्यास एकटें पडूं देत नाहीं. तुकडीचा वेग हा शेवटच्याचा वेग असला पाहिजे. तो ज्यास सोसत नसेल त्यानें त्या दिवशीं वेगळें जावें, त्यांत कमीपणा नाहीं.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत द्रौपदी आणि भाऊ एकामागून एक पडले असतां युधिष्ठिर मागें वळून न पाहतां चालत राहिला, आणि शेवटीं सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें मात्र त्यानें नाकारिलें. या दोन गोष्टी एकाच पुरुषाच्या कशा, याचें कोडें अनेकांस पडतें. आम्हांस त्यांत असा भेद दिसतो कीं, तो प्रवास परतीचा नव्हता. तेथें ज्याची त्याची वाट ज्यानें त्यानेंच चालावयाची होती. परंतु विश्वासानें पाठीशीं लागलेला एक जीव होता, आणि त्याचा त्याग त्या वाटेवरहि अधर्मच ठरला. रविवारच्या सफरीला तर परत घरीं यावयाचें असतें. आणि नवशिका विश्वासानेंच पाठीशीं लागलेला असतो.

डोंगराकडे जावयाचें तें सडकेवरूनच, आणि तेथें हेच स्वार दुबळे ठरतात. स्वार धरून ९० किलो वजनाची सायकल ताशीं २० किलोमीटरनें जात आहे, आणि १५०० किलोंची मोटार ६० किलोमीटरनें, असें धरा. वेग तिप्पट झाला कीं आघाताची शक्ति नऊपट होते. त्यांत वजनाचा फरक मिळवला म्हणजे मोटारीचा आघात सुमारें दीडशेंपट भरतो. हें जाणूनच ब्रिटननें २०२२ च्या जानेवारींत आपल्या रस्त्याच्या नियमावलींत असें तत्त्व घातलें कीं, ज्याच्याकडून अधिक इजा होऊं शकते त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची जबाबदारी अधिक. आणि ताशीं ३० मैलांपर्यंतच्या वेगानें सायकलीस ओलांडतांना मोटारीनें निदान दीड मीटर अंतर सोडावें. पण त्याच तत्त्वानें सायकलस्वारहि पादचाऱ्याचा ऋणी ठरतो. डोंगरवाटेवर सायकलनें पायीं चालणाऱ्यास, आणि उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास, वाट द्यावी असा या खेळाचा प्रघात आहे, तो याच न्यायास धरून आहे. मोटारवाल्यांच्या बेपर्वाईनें संतापणारा स्वार पायवाटेवर गुराख्यास घंटा वाजवून बाजूस सारूं लागला, तर त्याच्या संतापास नैतिक किंमत उरत नाहीं.

शिरस्त्राणाचा वादहि येथें थोडक्यांत पाहूं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतानें १९९० सालीं सायकलस्वारांस तें सक्तीचें केलें. इतरत्र बव्हंशीं तें ज्याच्या त्याच्या विचारावर सोपविलें आहे. सक्ति असो वा नसो, डोकें एकच असतें, तेव्हां तें घालावें हेंच शहाणपण. परंतु शिरस्त्राण घातल्यानें स्वाराचें कर्तव्य संपत नाहीं, आणि न घातल्यानें मोटारवाल्याचें कमी होत नाहीं. भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेल्याची सरकारी नोंद आहे. जखमीस मदत करणाऱ्यामागें चौकशीचा ससेमिरा लागतो या भीतीनें बघे दूर राहत. ती भीति घालविण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं निर्देश दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार कायद्यांतच अशा मदतगारास संरक्षण मिळालें. आतां पुढें न येण्यास सबब उरली नाहीं.

आईवडिलांस आमचें सांगणें एवढेंच कीं, "जाऊं नको" म्हणण्यापेक्षां त्यांनीं मुलास चार प्रश्न विचारावे: कोणाबरोबर जातोस? ब्रेक तपासलास काय? तुमच्यांत मागें कोण राहतो? आणि कोणी थकला तर तुम्ही काय करतां? ज्याच्याजवळ या प्रश्नांचीं उत्तरें आहेत त्याचें साहस विश्वासास पात्र आहे. ज्याच्याजवळ नाहींत, त्यास "जीव माझाच आहे" असें म्हणूं द्यावें. पण मग त्यानें एकट्यानेंच जावें, सांगात मागूं नये. दुसऱ्याचा जीव आपल्या वेगामागें ओढणें यास जुन्या शास्त्रकारांनीं कोणतें नांव दिलें असतें, हें वाचकांस आतां वेगळें सांगावयास नको.