सुटका झाली, पुढे?

दर दिवाळीला फराळाचे ताट पुढे ठेवताना आमच्या वहिनी विचारतात, "भावजी, खुन्यांची अपिले चालवता, झोप कशी लागते हो?" यंदा मी त्यांना नाशिककडचा २००३ सालचा खटला सांगितला. दरोड्यात पाच जीव गेले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी फर्मावली. २०१९ साली त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाई देवविली. वाचलेल्या बाईने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखले होते ते निराळेच चौघे! त्यांच्यावर खटलाच झाला नाही.

वहिनी चकली हातात धरून बसल्या. "म्हणजे त्या बाईलाही न्याय नाहीच मिळाला की!"

इतक्या वर्षांच्या वकिलीत मला हे सुचले नव्हते. पक्षकार सुटला, की आम्ही पेढे वाटतो आणि कागद बासनात बांधतो.