विमान रद्द होतं तेव्हा

आजचे वाचन : याकोब 4:13-15

डिसेंबर 2022 मध्ये, ऐन नाताळात, अमेरिकेत बर्फाचं मोठं वादळ आलं. एकट्या साउथवेस्ट कंपनीची काही दिवसांत 16 हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कोणी घरी निघालेलं, कोणी आपल्या कॉलेजचा फुटबॉल सामना बघायला परगावी. हातात तिकीट, अंगात जर्सी, विमान मात्र नाही.

याकोब बेत करूच नका असं सांगत नाही. बेतात प्रभूच्या इच्छेला जागा ठेवा, एवढंच सांगतो. मला वाटतं, ती जागा आपण खरंच ठेवली होती का, हे बेत मोडल्यावरच कळतं. त्या दिवसांत विमानांचे कर्मचारीसुद्धा जागोजागी अडकले होते; पुढची ड्यूटी कुठे, हे विचारायला तासन्‌तास फोन धरून बसले होते. काउंटरवरच्या माणसावर ओरडून सामना काही मिळत नाही. पण त्यालाच "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं, तर तो अडकलेला दिवसही प्रभूच्या कामी येतो.

प्रार्थना : प्रभू, आज माझा बेत मोडला, तर माझी जीभ सांभाळ. आमेन.